सूचकाचा मान

आमच्या पक्षात मतदान होत नाही, एकमत होतं. पक्षाच्या घटनेत निवडणुकीचं अख्खं प्रकरण आहे. नाव कसं द्यायचं, हात वर करून मतं कशी घ्यायची, सारखी मतं पडली तर काय करायचं, सगळं छापलेलं आहे. पण मी बदलापुरात पक्षाचं काम करायला लागले तेव्हापासून शहराध्यक्ष निवडताना कुणी मतासाठी हात वर केलेला पाहिला नव्हता. ठाण्याहून निरीक्षक येतात, त्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं, चहा-वडापाव होतो, एक जण उठून नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात आणि शहराध्यक्ष झालेला असतो. टाळ्या संपायच्या आत बाहेर फटाक्यांची माळ लागते.

यातली एक रीत मला पहिल्यापासून झोंबत आली आहे. ज्याला डावललं, त्यालाच सूचक करायचं. म्हणजे खुर्ची ज्याला हवी होती, ज्याने त्यासाठी राबून दिवस काढले, त्यानेच माइक हातात घ्यायचा आणि दुसऱ्याचं नाव पुकारायचं. वर म्हणायचं की मला हे नाव सुचवताना अत्यंत आनंद होत आहे. मग दोघांनी एकमेकांना पेढा भरवायचा आणि फोटो निघायचा. याला आमच्याकडे 'सूचकाचा मान' म्हणतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार द्यायचा आणि त्याला मान म्हणायचं, ही कला दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं मला वाटत नाही. आमच्या वॉर्डातले एक जुने कार्यकर्ते असेच एकदा सूचक झाले. घरी जाऊन त्यांनी पक्षाचा झेंडा घडी करून माळ्यावर टाकला आणि त्यानंतर ते कुठल्या सभेला दिसले नाहीत. फोटोत मात्र ते हसतायत.

मी मूळची उल्हासनगरची. कॅम्पातल्या चाळीत वाढले, शेजार सगळा सिंधी. कॉलेज करता करता एका कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायचे. तिथे माणसं ओळखायला शिकले आणि वेळ पडली तर मोठ्याने बोलायलाही. लग्न होऊन बदलापूर गावात आले. सासरचे लोक इथले जुने, शेतीवाले. हळूहळू शेत गेलं, तिथे इमारती आल्या आणि आम्ही सोनिवलीला फ्लॅटमध्ये राहायला गेलो. पण शेत होतं तेव्हा बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका पाड्यावरच्या बायका आमच्याकडे लावणीला यायच्या. त्यांच्याबरोबर मी चिखलात उभी राहिले आहे. शेत गेलं तरी त्या बायका माझ्या राहिल्या.

त्यांच्या पाड्याला नळ नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आपण भाषणात म्हणतो आणि टाळ्या घेतो. तिथे ते भाषण नाही. टेकाडावर उभं राहिलं की बारवीचं पाणी डोळ्यांना दिसतं, ते खाली सगळ्या शहरांना जातं आणि उन्हाळा लागला की पाड्यावरच्या बायका टँकरची वाट बघत रस्त्यावर बसतात. टँकर आबांचा. टँकरच्या मागच्या बाजूला आबांचा हात जोडलेला फोटो.

आबा म्हणजे आमचे शहराध्यक्ष. माझ्या सासऱ्यांच्या भावकीतले. बोलायला लोण्यासारखे, कुणाच्या मयताला सगळ्यात आधी हजर, कुणाची मुलगी अडली तर हॉस्पिटलात फोन करणार. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण पाड्याच्या नळाचा विषय मी जेव्हा जेव्हा बैठकीत काढला, तेव्हा तेव्हा आबा म्हणाले, "सूनबाय, टँकर जातोय ना? मंग?" नळ आला तर टँकर कशाला लागेल, हे बोलायची कुणाची छाती नव्हती. मी बोलले. त्या दिवसापासून बैठकांचे निरोप मला उशिरा मिळायला लागले.

यंदा आबांनी जाहीर केलं की वय झालं, आता आपण बाजूला होणार. पालिकेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. तिकीट कुणाला द्यायचं आणि जाहीरनाम्यात काय लिहायचं, हे शहराध्यक्षाच्या हातात. म्हणून मला ती खुर्ची हवी होती. उगाच साधेपणाचा आव आणून मी असं म्हणणार नाही की मला नको होती आणि लोकांनी आग्रह केला. मला हवीच होती. पाड्याचा नळ जाहीरनाम्यात पहिल्या पानावर घालायचा होता आणि त्यासाठी कुणाला फोन करावा लागू नये, असं वाटत होतं.

आबांच्या मनात त्यांचा पुतण्या होता. तरुण पोरगा, पांढरे बूट, हातात कडं. गेल्या पावसाळ्यापर्यंत तो दुसऱ्याच पक्षाच्या फ्लेक्सवर 'भावी नगरसेवक' म्हणून झळकत होता. आमच्याकडे आला तो थेट काकाच्या मांडीवर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पक्षाच्या विचारधारेबद्दल त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "अपना विचार एकच, काम बोलता है." कुठलं काम, ते मात्र कुणाला ऐकू आलं नव्हतं.

आता आमच्या बाजूचं सांगते. पक्षात आमचा एक पुरोगामी गट होता. त्याचे म्होरके म्हणजे राहायला अंबरनाथला, पण पक्षात बदलापूरचे सदस्य असलेले एक निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. पांढरा झब्बा, खांद्याला शबनम, आवाज खणखणीत. त्यांच्या खालोखाल एक तरुण वकीलबाई, हुशार, फटकळ, मला फार आवडायची. बाकी काही प्राध्यापक, काही जुने कामगार. दर रविवारी सकाळी सरांच्या घरी बैठक. चहा व्हायचा, मग निषेधाचा मसुदा व्हायचा. 'तीव्र निषेध' लिहायचं की 'जाहीर निषेध', यावर मी पोह्यांच्या दोन-दोन बशा संपलेल्या पाहिल्या आहेत. पण माणसं सच्ची. पैशाला शिवणार नाहीत, जातपात मानणार नाहीत, आणि माझं नाव शहराध्यक्षपदासाठी त्यांनीच पुढे केलं. सर म्हणाले, "ताई, घराणेशाहीला उत्तर द्यायचं तर तुम्हीच. आम्ही खडकासारखे पाठीशी आहोत." मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्याच बैठकीत एक ठरावही झाला. लग्नसराई होती. आमच्या गावाकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव, डीजे, मटणाच्या पंगती, आणि येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याचं माइकवरून नाव. सर म्हणाले, ही उधळपट्टी आहे, सरंजामी प्रदर्शन आहे, आपल्या गटाचा कुणीही यापुढे हळदीला जाणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "सर, उधळपट्टी आहे हे मान्य. पण गावात सगळं हळदीतच ठरतं. कोण कुणाच्या शेजारी बसलं, कोण कुणाला वाढायला उठलं, यावरून पुढची पाच वर्षं ठरतात. आपण गेलो नाही तर आपल्याशिवाय ठरेल."

"ठरू दे," सर म्हणाले. "आपण तत्त्वावर उभे आहोत."

मी त्यांना उल्हासनगरच्या माझ्या सिंधी शेठचं सांगितलं. गिऱ्हाईक चिडून उठलं की तो मला हळूच म्हणायचा, "वडी, इसको पायरी उतरने मत देना. पायरी उतर गया तो सौदा गया." भांडायचं तर दुकानात उभं राहून भांडायचं. सर हसले आणि म्हणाले, "ताई, पक्ष म्हणजे कापडाचं दुकान नव्हे." सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं.

मला मात्र एका हळदीला जाणं भागच होतं. भावकीतलीच होती, आबांच्या नातीची. सून म्हणून मी गेले नसते तर सासूबाईंनी घरात पाय ठेवू दिला नसता. यावरून गटाच्या व्हॉट्सॲपवर माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. मी खुलासा केला की मी हळद लावायला चालले आहे, विचारधारा बदलायला नव्हे. त्याखाली दोन अंगठे आले, बाकी शांतता.

दिवेलागणीला पोचले तेव्हा मांडवात बायकांच्या बाजूला लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण म्हातारी गाणं म्हणत होती आणि डीजेवाला आपली यंत्रं जोडत होता, त्यामुळे तिला अर्ध्या गाण्यात थांबवून त्याने 'हॅलो, हॅलो, चेक' केलं. मुलीला हळद लावून मी वळले, तर पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत निरीक्षक बसलेले. ठाण्याहून शहराध्यक्षाची निवड करायला पुढच्या रविवारी येणार होते ते. त्यांच्या एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला पुतण्या. आणि पुतण्या स्वतःच्या हाताने निरीक्षकांच्या ताटात मटणाचा रस्सा वाढत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ चालत पुरुषांच्या बाजूला गेले. दोन-चार डोकी वळली.

"ये गो सूनबाय," आबा म्हणाले. "जेवलीस का नाय?"

"जेवते, आबा. आधी कळू दे, इथं काय ठरतंय."

निरीक्षकांनी ताटात मान घातली. आबा जराही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. बाजूची खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"हे बघ, तुजं बोलनं एकदम फस क्लास. कुनाचं नाय तसं. म्हनून मी यांना सांगितलाय, सूचक आमची सूनच होनार. घरातल्या बाईने घरातल्या पोराचं नाव घ्यायचं. मान तुजा."

"आबा, मी माझंच नाव देणार आहे."

"दे की," ते म्हणाले. "घटनेत तसं हाय. सोताचं नाव सोता देता येतंय. पन अनुमोदक लागतो पोरी. दुसऱ्याने उभं राहून सांगायला लागतं, का होय, हीच पायजे." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा, जेवून घे. मटन थंड होतंय."

त्या हाताचा मला इतका संताप आला की अजूनही तो आठवला की मान झटकावीशी वाटते. दमदाटी केली असती तर मी दमदाटीने उत्तर दिलं असतं. पण डोक्यावर हात ठेवणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? चारचौघांत तुम्हीच उर्मट ठरता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो माणूस मनापासून समजत होता की तो माझा मान करतोय.

पण त्यांनी मला एक गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. नाव द्यायचं आणि अनुमोदन मिळवायचं, एवढं झालं की दोन नावं होतात, आणि दोन नावं झाली की मतदान घ्यावंच लागतं. मतदान झालं तर मी पडेन असं मला वाटत नव्हतं. पाड्यावरच्या बायका सदस्य होत्या, सोनिवलीच्या नव्या इमारतींतली माणसं सदस्य होती, त्यांची नोंदणी मी दारोदार फिरून केली होती. मत प्रत्येक सदस्याला होतं. अनुमोदन मात्र फक्त क्रियाशील सदस्याला देता येत होतं, आणि क्रियाशील सदस्य म्हणजे एक तर आबांची माणसं, नाहीतर सरांचा गट. मी दुसऱ्याच दिवशी अंबरनाथ गाठलं. सर म्हणाले, "अनुमोदन मी देतो. स्वतः. घटनेची प्रत घेऊन उभा राहतो." वकीलबाई म्हणाली, "आणि सरांना बोलू दिलं नाही तर मी आहे, ताई." मी निर्धास्त झाले.

रविवारी सकाळी बदलापूर पश्चिमेच्या एका मंगल कार्यालयात सभा होती. पाड्यावरच्या बायका एका टेम्पोतून आल्या. रविवार म्हणजे त्यांचा कामाचाच दिवस, तो सोडून, ठेवणीतली लुगडी नेसून त्या आल्या आणि मागच्या खुर्च्यांवर बसल्या. बसतानाही खुर्चीच्या कडेला बसल्या, कुणीतरी उठवेल अशा बेताने. सोनिवलीची माणसं चहानंतर, मतदानाला येणार होती. पुढे उजव्या बाजूला आबांची माणसं, डाव्या बाजूला आमचा गट. मीही तिकडेच चालले होते, तर स्टेजवरून आबांनी माइकवर माझं नाव पुकारलं आणि सांगितलं, सूचकांनी वर येऊन बसावं. मला ते टाळायचं होतं. पण सर म्हणाले, "जा ताई, स्टेजवर आपलं माणूस हवंच." म्हणून गेले.

निरीक्षकांचं भाषण सुरू झालं. पक्ष हे एक कुटुंब आहे, वगैरे. तेवढ्यात स्टेजच्या बाजूला गुंडाळून ठेवलेला एक फ्लेक्स पंख्याच्या वाऱ्याने सुटला आणि भिंतीला घासत अर्धा उलगडला. त्यावर पुतण्याचा फोटो, पांढऱ्या बुटांसकट, आणि वर मोठ्या अक्षरांत 'नवनिर्वाचित शहराध्यक्षांचे हार्दिक अभिनंदन'. निवड अजून व्हायची होती. हॉलमध्ये खसखस पिकली. आबांच्या एका माणसाने धावत जाऊन फ्लेक्स गुंडाळला, पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं.

निर्लज्जपणाची हद्द होती ती. मला स्वतःला उठून तो फ्लेक्स टराटरा फाडावासा वाटला. पण मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले, कारण फ्लेक्सने शहराध्यक्ष होत नाही, अनुमोदनाने होतो, आणि ते अजून व्हायचं होतं.

खाली सर उभे राहिले. मला वाटलं, हरकत नोंदवतील. तशी त्यांनी नोंदवली. फार सुंदर बोलले. लोकशाहीचा खून, सरंजामशाहीचा नंगा नाच, इतिहास क्षमा करणार नाही. आवाज असा लागला होता की आबांची माणसंसुद्धा ऐकत राहिली. आणि मग ते म्हणाले, "या बनावट प्रक्रियेत सहभागी होणं म्हणजे तिला मान्यता देणं. आम्ही या सभेचा तीव्र निषेध करून सभात्याग करत आहोत!"

मी स्टेजवरून दोन्ही हातांनी 'बसा, बसा' अशी खूण केली. सरांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यांचं लक्ष मोबाइल धरून उभ्या असलेल्या त्यांच्याच एका प्राध्यापकाकडे होतं. गट उठला. मुठी वर गेल्या. एकामागून एक सगळे मधल्या वाटेने बाहेर निघाले, कामगार, प्राध्यापक, सगळे. वकीलबाई दारात थांबली, तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको, जाऊ नको. तिने एकदा बाहेर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली तशी ती गेली.

मागच्या खुर्च्यांवरच्या बायका तशाच बसून होत्या. सभात्याग म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आबांनी पाण्याचा ग्लास उचलला, दोन घोट घेतले आणि माइक माझ्या हातात दिला. "चला सूनबाय," ते हळूच म्हणाले. "आता तरी घे पोराचं नाव. कशाला हसं करून घेतंस?"

मी म्हटलं, "शहराध्यक्षपदासाठी मी माझं स्वतःचं नाव देत आहे."

निरीक्षकांनी आबांकडे पाहिलं, आबांनी छताकडे पाहिलं. निरीक्षक घसा खाकरून म्हणाले, "घटनेनुसार नाव दाखल करून घेतो. अनुमोदक कोण?"

डाव्या बाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एका खुर्चीवर सरांनी आणलेली घटनेची प्रत तेवढी पडली होती.

आणि त्याच वेळी बाहेरून, मंगल कार्यालयाच्या फाटकापासून, माझ्या माणसांच्या घोषणा ऐकू यायला लागल्या. "ताई, तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!" जोरात, दम लावून. वकीलबाईचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता.

निरीक्षकांनी पुन्हा विचारलं, "अनुमोदक?" या वेळी त्यांच्या ओठांवर हसू होतं. ते त्यांनी लपवलंही नाही. उजव्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "बाहेर हायेत ना, बोलवा की त्यांना," आणि सगळे हसले. मी खरंच म्हटलं की एक मिनिट थांबा, बोलावते. निरीक्षक म्हणाले, "ताई, सभात्याग केलेल्या सदस्यांना या सभेत परत भाग घेता येत नाही. ते त्यांनीच ठरवलंय."

तेव्हा मागून एक हात वर आला. पाड्यावरची बाई, माझ्याच वयाची, आमच्या शेतात माझ्या शेजारी उभी राहून लावणी करणारी. उभी राहिली आणि म्हणाली, "मी देतंय ना. काय ते द्यायचं ते मी देतंय."

"क्रियाशील सदस्य आहात का?" निरीक्षकांनी विचारलं.

तिला ते कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या शेजारची दुसरी उठली, मग तिसरी, मग टेम्पोतून आलेल्या सगळ्याच उभ्या राहिल्या. नुसते हात वर. निरीक्षकांनी हात हलवून त्यांना खाली बसायला सांगितलं. "बसा, बसा. क्रियाशील कुणी नाही ना? मग अनुमोदनाअभावी हे नाव बाद."

त्या हात वर करून उभ्या होत्या आणि त्यांचे हात मोजले जात नव्हते, हे दृश्य मी विसरणार नाही, आणि ते ज्यांनी घडवलं त्या दोन्ही बाजूंना माफ करायचा माझा विचार नाही. आबांचं मी समजू शकते. ते माझ्या विरोधातच होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. पण जे पाठीशी खडकासारखे होते, ते खडक दोन पायांवर चालत बाहेर गेले. आबांना मला हरवावं लागलंच नाही.

मग आबांनी स्वतः पुतण्याचं नाव सुचवलं. अनुमोदनाला उजव्या बाजूची अख्खी रांग उठली. टाळ्या पडल्या. निरीक्षकांनी जाहीर केलं की निवड एकमताने झाली. फ्लेक्स पुन्हा उलगडला. पुतण्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्याकडे आला, फोटोवाला त्याच्या मागे. मी पेढा घेतला नाही. त्याने तो माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "वहिनी, खाओ ना, घरचीच गोष्ट आहे." मी त्याचा हात बाजूला सारला आणि स्टेजवरून उतरले. पाड्यावरच्या बायका माझ्या मागोमाग बाहेर आल्या.

फाटकाशी आमचा गट घाम पुसत उभा होता. सरांचा चेहरा उजळलेला होता. एका प्राध्यापकाने वर्तमानपत्रासाठी निवेदन लिहायला घेतलं होतं. सर पुढे आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"ताई, ऐतिहासिक सभात्याग झाला. पण तुम्ही का नाही आलात बाहेर? तुम्ही आला असता तर निषेधाला वेगळीच धार आली असती."

या माणसाने आयुष्यात कधी लाच दिली नाही, घेतली नाही, कुणाचा अपमान केला नाही. आणि तो मला विचारत होता की तुम्ही आत का थांबलात.

"सर," मी म्हटलं, "आत अनुमोदक मागत होते."

"हो, पण तत्त्वाचा प्रश्न होता," सर म्हणाले.

वकीलबाई बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी सरांच्या हातातून माझे हात सोडवून घेतले आणि टेम्पोकडे निघाले. उन्हं चढली होती, टेम्पोवाला घाई करत होता. सगळ्या बायका चढल्या, फक्त मघाशी पहिला हात वर करणारी खाली थांबली होती.

"ताय," ती म्हणाली, "ते मगाशी इचारलं ना त्यांनी, क्रियाशील का काय. ते व्हायला काय करायला लागतं? मी करतंय. आमी सगळ्या करतो."

मागे कार्यालयाच्या दारात फटाक्यांची माळ लागली होती, त्यामुळे मला तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगावं लागलं.

"अर्ज भरावा लागतो," मी म्हटलं. "आणि त्यावर शहराध्यक्षाची सही लागते."